चौसष्ट सेकंदांचं भूत

'रिअल टाईम' हे दोन शब्द ऐकले की आपल्या डोळ्यासमोर काहीतरी भन्नाट वेगवान येतं. रॉकेट, लढाऊ विमान, गेला बाजार शेअर मार्केट तरी! व्हायव्हाला एक्स्टर्नलनी "रिअल टाईम म्हणजे काय?" असं विचारलं की आपण छातीठोकपणे "सर, खूप फास्ट" असं सांगतो. एक्स्टर्नल मान डोलावतात, पुढच्या रोल नंबरला बोलावतात आणि आपण बाहेर येऊन चहा मारायला मोकळे होतो.

पण मित्रांनो, हे उत्तर चूक आहे. फास्ट असणं वेगळं आणि वेळेवर असणं वेगळं. समजा एखादा हुशार गडी तीन तासांचा पेपर दीड तासात सोडवतो, पण हॉलवर कधी अकराला उगवतो तर कधी एक वाजता. तो फास्ट आहे, रिअल टाईम नाही. दुसरा बिचारा पूर्ण तीन तास घेतो, पण घंटेच्या आधी बाकावर असतो म्हणजे असतोच. रिअल टाईम ऑपरेटिंग सिस्टीम ही या दुसऱ्या गड्यासारखी. 'लवकर करीन' असं ती म्हणत नाही. 'ठरल्या वेळेपुढं जाणार नाही' असं म्हणते. काम करायची वेळ झाल्यापासून ते काम खरोखर सुरू होईपर्यंत जो उशीर होतो त्याला म्हणतात लेटन्सी. ही लेटन्सी वाढली की काय होतं आणि ती कोण वाढवतंय हे कसं शोधायचं, याचा धडा मला गेल्या पावसाळ्यात मिळाला. तो कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हता, म्हणून इथं लिहितोय.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. पुणे-मिरज रेल्वेमार्ग एकेरी होता तेव्हा ज्यांनी सातारा ते सांगली पॅसेंजरनं प्रवास केलाय, त्यांना आरटीओएस निम्मी कळलेली आहे. रहिमतपूर किंवा मसूरला पॅसेंजर बाजूच्या लूप लाईनवर गपचूप उभी. का? तर मागून कोयना एक्स्प्रेस येतेय. मोठ्या गाडीला आधी वाट. याला आपल्या भाषेत म्हणतात प्रायॉरिटी शेड्युलिंग. पण पॅसेंजर एकदा दोन स्टेशनांच्या मधल्या सेक्शनमध्ये शिरली असेल तर? मग कोयना असो, महालक्ष्मी असो, तिला सिग्नलला थांबावंच लागतं. मधल्या पॅसेंजरला उचलून शेतात तर ठेवता येत नाही! ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्येही असे सेक्शन असतात, जिथं शिरलेल्या कामाला मध्येच थांबवता येत नाही. तो सेक्शन जेवढा लांब तेवढी महत्त्वाच्या कामाची रखडपट्टी जास्त. साध्या लिनक्समधले हे सेक्शन बारीक बारीक करत नेणं, हेच 'प्रीएम्प्ट आरटी' या पॅचचं काम. थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ वीस वर्षं हा पॅच मुख्य कर्नलच्या बाहेर सांभाळला आणि २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत तो मुख्य लिनक्समध्ये दाखल झाला.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

साताऱ्याच्या एमआयडीसीत माझ्या मामांचं छोटंसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग, तीन कामगार आणि मामा. मामांनी एक जुनी मिलिंग मशीन स्वस्तात घेतली होती. लोखंड ठणठणीत, पण तिचा कंट्रोलर कायमचा गेलेला. नवीन कंट्रोलरचं कोटेशन बघून मामांनी ते नुसतं घडी घालून खिशात ठेवलं. मग तिच्यावर स्टेपर मोटर बसल्या आणि कंट्रोलरच्या जागी आला पॅरलल पोर्टवाला एक जुना पीसी. त्यात 'लिनक्ससीएनसी'. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या प्रकल्पात आहे आणि जगभरातले हौशी आणि गरजू लोक ते वापरतात. आम्ही गरजूंपैकी!

मशीन चालू झाली. मामा खूश. एका कारखान्याकडून ॲल्युमिनियमच्या प्लेटांची ऑर्डर मिळायची शक्यता निर्माण झाली. अट एकच, आधी वीस नगांचं सँपल पास झालं पाहिजे. वीस नग गेले आणि सात नग परत आले. भोकांची जागा सरकलेली. दुसऱ्यांदा सँपल द्यायची संधी मिळाली, पण मुदत दहा दिवसांची. ही ऑर्डर गेली तर मशीनसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते कसे फेडायचे हे मामांनी बोलून दाखवलं नाही. पण मामीनं फोनवर आईला सांगितलं, आणि आईनं मला.

मी शनिवारी साताऱ्याला गेलो. मामांचं निदान तयारच होतं. "अरं लेका, स्क्रूत प्ले आला असंल. दुसरं काय न्हाई." कामगारांचं म्हणणं एमआयडीसीतल्या व्होल्टेजमुळं होतंय. शेजारच्या वर्कशॉपवाल्यांचं मत, "पीसीवर कुठं मशीन चालते व्हय?"

मी परत आलेले सातही नग टेबलावर ओळीनं मांडले आणि चूक मोजली. काहीत ०.१ मिलिमीटर, काहीत ०.२, एकात ०.३. अधलंमधलं काही नाहीच! स्क्रूमधल्या प्लेमुळं होणारी चूक अशी नसते. ती दिशा बदलताना येते आणि दरवेळी साधारण तेवढीच येते. ही मात्र टप्प्याटप्प्यानं साठत गेलेली. गणित मांडलं. आमच्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप, आणि स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर. अशी दोन फेजची मोटर पकड सोडते तेव्हा चार पूर्ण स्टेपच्या पटीत घसरते, कारण तिच्या विजेच्या एका चक्रात चार स्टेप बसतात. चार स्टेप म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग. पाच मिलिमीटरचा पन्नासावा भाग किती? बरोब्बर ०.१ मिलिमीटर!

म्हणजे स्क्रू निर्दोष होता. मोटर मध्येच कुठंतरी पकड सोडत होती आणि तिथून पुढची सगळी भोकं तेवढीच सरकत होती. आता मोटरला पल्स पाठवतो पीसी. मग मी मामांना विचारलं, "मामा, स्क्रीनवर कधी काही मेसेज येतो का?"

"येतो की. सकाळी एकदा येतो, ओके दाबलं की जातो. परत दिवसभर येत न्हाई."

तो मेसेज होता 'अनपेक्षित रिअल टाईम उशीर' झाल्याचा. गंमत अशी की लिनक्ससीएनसी हा मेसेज एका सेशनमध्ये एकदाच दाखवतं. पुढं शंभर वेळा उशीर झाला तरी गप्प. घरातल्या मोठ्या माणसासारखं, एकदा सांगून बघायचं, नंतर बोलायचंच नाही.

सेमिस्टर चालू असल्यामुळं साताऱ्यात मुक्काम करणं शक्य नव्हतं. मग पीसीच सांगलीला न्यायचं ठरलं. रविवारी संध्याकाळी सीपीयू चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीत बसलो. कराडला कंडक्टरनं गाठोड्याकडं बघून "बाळ झोपलंय का?" असं विचारलं. बाळासोबत मामीनं दिलेला कंदी पेढ्यांचा बॉक्स होता. तो हॉस्टेलवर पोचल्यावर किती मायक्रोसेकंद टिकला हे मोजायला तेव्हा सॉफ्टवेअर चालू नव्हतं.

माझा रूम-पार्टनर कॉम्प्युटरचा. त्यानं लगेच लेटन्सी टेस्ट लावली. ही टेस्ट साधी असते. प्रोग्रॅम म्हणतो, मला अमुक वेळेनं उठव. उठल्यावर घड्याळ बघतो आणि किती उशीर झाला ते लिहून ठेवतो. हे सेकंदाला हजारो वेळा. दहा मिनिटांनी आकडा आला, सरासरी ६ मायक्रोसेकंद. पार्टनर म्हणाला, "झकास आहे की रे! पीसी ओके. मोटर बदला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तो सरासरीचा आकडा घेऊन लॅबमध्ये सरांकडं गेलो. सरांनी कागद बघितला आणि परत दिला. "सरासरी नको. मॅक्सिमम सांगा. आणि दहा मिनिटांचा नको, रात्रभराचा. तोही पीसीला कामाला लावून." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "कृष्णेच्या वर्षभराच्या पातळीची सरासरी काढली तर सांगलीत पूर येतच नाही."

हे वाक्य मला आख्ख्या सेमिस्टरमध्ये सगळ्यात जास्त कळलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा कुणीही सांगलीकरानं सरासरी विचारली नाही. पुलाची उंची, घराचं जोतं, बंधाऱ्याची भिंत हे सगळं ठरतं ते वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसावरून. रिअल टाईमचंही तसंच. कोट्यवधी वेळा वेळेवर आणि एकदाच उशिरा, तर तो एकदाच झालेला उशीर हाच त्या यंत्राचा खरा आकडा.

लिनक्ससीएनसीच्या माहितीपुस्तिकेत ढोबळ हिशोब दिलेला आहे. पीसीनं थेट पल्स पाठवायचे असतील तर सगळ्यात जास्त उशीर १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असला की उत्तम. ३०-५० असेल तर काम चालतं, वेग थोडा कमी ठेवावा लागतो. १०० च्या वर गेलं की हा पीसी त्या कामाचा नाही. आणि १ मिलिसेकंदाच्या वर गेलं तर नादच सोडा.

त्या रात्री आम्ही पीसीला चांगलंच पिदडलं. एकीकडं मोठ्या फायली कॉपी, एकीकडं ग्राफिक्सची गरगरणारी चाकं, नेटवर्क चालू. सकाळी बघितलं तर मॅक्सिमम होता तेरा लाख नॅनोसेकंद, म्हणजे १.३ मिलिसेकंद. नाद सोडायच्या वर्गातला!

पण नाद सोडला तर इंजिनिअरिंगला कशाला आलो? कामाला लागलो. नियम एकच केला, एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर वहीत आकडा.

पहिला संशय ग्राफिक्सवर. डेस्कटॉपचे दिखाऊ इफेक्ट बंद केले. नेहमीची गर्दी जरा खाली आली. दुसरा संशय वीज वाचवण्यावर. आजचे प्रोसेसर हॉस्टेलवाल्यांसारखेच असतात, काम नसलं की लगेच झोपतात. झोप जेवढी गाढ तेवढा उठायला वेळ जास्त. बायॉसमध्ये जाऊन गाढ झोपेच्या सगळ्या अवस्था बंद केल्या आणि प्रोसेसरचा वेग कायम एकच ठेवला. आणखी फरक पडला. तिसरा उपाय, प्रोसेसरच्या दोन कोअरपैकी एक फक्त रिअल टाईम कामासाठी राखून ठेवला आणि डिस्क, नेटवर्क वगैरेंचे इंटरप्ट दुसऱ्याकडं वळवले. हॉस्टेलमध्ये अभ्यासाची रूम वेगळी काढावी तसं. आता नेहमीचा उशीर ३४ मायक्रोसेकंदांच्या पुढं जाईना.

पण तो १.३ मिलिसेकंदाचा डोंगर मात्र तसाच. अधूनमधून उगवायचा आणि गायब व्हायचा. पीसी मोकळा असो की कामात असो, त्याला काही फरक नाही. पार्टनरनं त्याचं नाव ठेवलं 'भूत'.

तिसऱ्या रात्री पार्टनरला वाटलं की हा प्रायॉरिटी इन्व्हर्जनचा प्रकार असावा. हा प्रकार समजून घ्यायला आपलं हॉस्टेलच बरं. रेक्टरसाहेबांना हजेरीचं रजिस्टर हवंय. ते आहे फर्स्ट इयरच्या एका पोराकडं. पोरगं द्यायला निघालं, तेवढ्यात थर्ड इयरवाल्यांनी त्याला चहा आणायला पिटाळलं. आता थर्ड इयरला रेक्टरांना अडवायचा काहीही हक्क नाही, पण प्रत्यक्षात रेक्टर त्यांच्या चहासाठी थांबलेत! १९९७ च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या 'पाथफाइंडर' यानात नेमकं हेच झालं होतं. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसायचं, मधल्या दर्जाची कामं त्याला बाजूला सारायची आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेटा वाहून नेणारं काम ताटकळत राहायचं. ते वेळेत झालं नाही की यान स्वतःला रीसेट करायचं. पृथ्वीवर ठेवलेल्या जुळ्या यंत्रणेवर तीच परिस्थिती पुन्हा घडवून इंजिनिअरांनी कारण पकडलं. त्यांच्या व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसमध्ये उपाय तयारच होता, फक्त त्या कुलपापुरता तो चालू केलेला नव्हता. त्याचं नाव प्रायॉरिटी इनहेरिटन्स. म्हणजे रजिस्टर हातात असेपर्यंत त्या पोराला रेक्टरांचाच मान, कुणी चहाला पाठवायचं नाही!

आमचं भूत मात्र या जातीचं निघालं नाही. ते सापडलं वहीत. प्रत्येक डोंगर आला ती वेळ पार्टनर लिहीत होता. मी सहज वजाबाकी करत गेलो. ६४ सेकंद. ६४. ६४. परत ६४. भूत घड्याळ लावून येत होतं!

इतकं वक्तशीर भूत सॉफ्टवेअरच्या गर्दीतून येत नाही. हार्डवेअरचा उशीर पकडणारा एक प्रोग्रॅम लिनक्समध्ये आहे. तो त्या कोअरवरचे सगळे इंटरप्ट बंद करून नुसता घड्याळाकडं टक लावून बसतो. कुणी त्रास द्यायला उरलेलंच नसतं, तरीही घड्याळ मध्येच उडी मारून पुढं गेलेलं दिसलं, तर तेवढा वेळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या नकळत कुणीतरी चोरलाय असं समजायचं. आम्ही तो लावला. दर ६४ सेकंदांनी उडी हजर.

चोराचं नाव सिस्टीम मॅनेजमेंट इंटरप्ट. १९९० च्या सुमारास इंटेलनं लॅपटॉपसाठी काढलेल्या ३८६एसएल प्रोसेसरपासून हा प्रकार सुरू झाला. मदरबोर्डवरचं बायॉस केव्हाही प्रोसेसरला थांबवून आपलं काम करून घेतं. पंखा, तापमान, यूएसबी कीबोर्ड वगैरे. विंडोज असो, लिनक्स असो, नाही तर महागडी आरटीओएस, कुणालाही न विचारता. ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीनं त्या काळात वेळच थांबलेली असते. सगळ्यात मोठी प्रायॉरिटी तिची नसून तिच्याही खाली बसलेल्या बायॉसची!

हा इंटरप्ट सरसकट बंद करणं धोक्याचं, कारण प्रोसेसर तापला तर वाचवणारंही तेच असतं. म्हणून बायॉसमधले एकेक पर्याय बदलून बघितले. जुन्या यूएसबी कीबोर्डचा सपोर्ट बंद केला, भूत हजर. मग पंख्याचा वेग आपोआप कमीजास्त करणारा पर्याय बंद करून पंखा कायम पूर्ण वेगानं ठेवला. ६४ सेकंद झाले. १२८ झाले. पार्टनर आणि मी श्वास रोखून बसलेलो. दहा मिनिटं झाली, भूत नाही. पर्याय परत चालू केला, भूत आलं. परत बंद केला, गेलं. हे चालू-बंद तीनदा केलं, कारण एकदा गेलेलं दुखणं औषधानं गेलं की आपोआप, हे तसं केल्याशिवाय कळत नाही. रात्रभरच्या टेस्टचा मॅक्सिमम आला ३४ मायक्रोसेकंद.

आता सगळा हिशोब जुळत होता. टेबल रिकामं धावताना सेकंदाला २० मिलिमीटर जातं, म्हणजे आमच्या ड्रायव्हरच्या सेटिंगनुसार सेकंदाला ८००० पल्स. १.३ मिलिसेकंदाची उचकी म्हणजे जवळपास दहा पल्स अडकले. धावत्या माणसाची कॉलर धरून थांबवावं आणि लगेच पाठीत ढकलावं, तसं मोटरचं होत होतं. कट घेताना टेबल हळू चालतं, तेव्हा उचकी पचून जायची. म्हणून वीसातले तेरा नग पास आणि सात नापास!

पुढच्या शनिवारी पीसी साताऱ्याला परत गेला. सोबत मामांसाठी सांगलीचं भडंग. मामांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून मामा म्हणाले, "म्हंजी पंखा कमी-जास्त करायला मधनंच उठत होता व्हय त्यो? मग पंखा राहू दे की फुल्ल, काय बिघडलं!" माझं सात पानांचं स्पष्टीकरण मामांनी एका वाक्यात संपवलं. धूळ जास्त ओढली जाईल म्हणून फक्त दर सोमवारी फिल्टर झाडायचं काम कामगारांकडं लागलं. दुसरं सँपल गेलं, वीसपैकी वीस नग पास झाले आणि ऑर्डर मिळाली. मामांनी फोनवर एवढंच सांगितलं, "हप्ता भरला."

ज्युनिअर मित्रांना यातून सांगावंसं वाटतं ते थोडंच आहे. प्रोजेक्ट अडखळायला लागला की आपण आधी प्रोसेसरला शिव्या घालतो आणि महागडा बोर्ड मागवतो. तसं करण्याआधी मोजा. मोजताना सरासरीवर खूश होऊ नका, सगळ्यात वाईट आकडा बघा आणि तो पीसीला भरपूर राबवून, रात्रभर बघा. एका वेळी एकच बदल करा. आणि आकड्याच्या शेजारी वेळ लिहायला विसरू नका, कारण उशीर किती झाला यापेक्षा तो केव्हा केव्हा झाला हे जास्त बोलतं. आम्हाला भूत सापडलं ते कुठल्या भारी सॉफ्टवेअरमुळं नाही, तर एका शंभर पानी वहीतल्या वजाबाकीमुळं.

आणि हो, त्या पीसीचं बायॉस सेटिंग लिहिलेला कागद मामांनी लॅमिनेट करून मशीनवर देवाच्या फोटोशेजारी लावलाय. खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडलीय: 'विचारल्याशिवाय हात लावू नये.'